केबल काढून लावली की कॅप्सलॉक परत कॅप्सलॉक! लिनक्सवर कीबोर्ड कायमचा कसा बसवायचा?

अर्धविराम:
नमस्कार मंडळी. आठ दिवस एकाच गोष्टीत अडकलोय म्हणून शेवटी धागा काढतोय.

लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्याला बाहेरचा कीबोर्ड जोडून काम करतो. मध्यंतरी डावी करंगळी ठणकायला लागली तेव्हा एका मित्राने सुचवलं की कॅप्सलॉकच्या जागी कंट्रोल घे. घेतला, आणि दोन आठवड्यांत करंगळी शांत झाली, आता मागे जायची इच्छा नाही. त्यासाठी लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइलीत एक ओळ टाकली, सेटएक्सकेबीमॅप (कीबोर्डचा नकाशा बदलणारी कमांड) आणि ऑप्शन सीटीआरएल:नोकॅप्स. (कमांड देवनागरीत लिहितोय, वापरताना रोमनमध्ये करून घ्या.)

अडचण एक: कीबोर्डची केबल निघाली की कॅप्सलॉक परत कॅप्सलॉक. लक्षात येत नाही, मी सेव्ह करायला जातो आणि मजकुरात एस उमटतो, पुढची सगळी ओळ मोठ्या अक्षरांत.

अडचण दोन: या कीबोर्डवर ऑल्ट आणि विंडोज बटणं उलटी आहेत, स्पेसबारला लागून विंडोज आहे. अदलाबदलीचा ऑप्शन सापडला, ऑल्टविन:स्वॅप_ऑल्ट_विन, पण तो लावला की लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड उलटा होऊन बसतो. एका कीबोर्डला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं करता येतं का?

रात्रपाळी:
आधी हे सांगा, सेशन एक्स११ चं आहे की वेलंडचं (पडद्यावरच्या खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था)? टर्मिनलमध्ये एक्सडीजी_सेशन_टाइप हा व्हेरिएबल छापून बघा. ते कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी हवेतच.

अर्धविराम:
एक्स११. विंडो मॅनेजर आयथ्री, पूर्ण डेस्कटॉप नाही.

जुना_टंकलेखक:
मग पहिल्या अडचणीचं कारण सरळ आहे. सेटएक्सकेबीमॅप चालवता त्या क्षणी जे कीबोर्ड जोडलेले असतात तेवढ्यांनाच ते लागू होतं. केबल काढून परत लावली की एक्सच्या दृष्टीने तो नवा कीबोर्ड, आणि नव्या कीबोर्डला सर्व्हर आपल्याकडचा मूळ नकाशा देतो. मोठ्या डेस्कटॉपमध्ये मागे एक प्रोग्राम बसलेला असतो, तो नवा कीबोर्ड आला की तुमची सेटिंग परत लावतो. नुसत्या आयथ्रीत तसं कोणी नाही, म्हणून तुम्हाला हे दिसलं.

तेव्हा सेटिंग सर्व्हरच्याच कानात घालायची. /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी या फोल्डरात इनपुटक्लासची छोटी फाइल करा, मॅचइजकीबोर्ड ऑन, आणि एक्सकेबीऑप्शन्समध्ये सीटीआरएल:नोकॅप्स. हाताने नको असेल तर लोकलसीटीएल सेट-एक्स११-कीमॅप ही कमांड तीच फाइल लिहून देते, फक्त क्रम लक्षात ठेवा: लेआउट, मॉडेल, व्हेरियंट, ऑप्शन, मधलं काही नको असेल तर रिकामे अवतरण द्या. डेबियनच्या घराण्यात असाल तर /ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड मध्ये एक्सकेबीऑप्शन्सची ओळ असते, तिथे लिहा.

दुसरी अडचणही याच रस्त्याने सुटते. अजून एक इनपुटक्लास, त्यात मॅचप्रॉडक्टला त्या कीबोर्डचं नाव (एक्सइनपुट लिस्टमध्ये दिसतं) आणि ऑप्शनमध्ये कंट्रोल आणि अदलाबदल दोन्ही, मध्ये स्वल्पविराम.

उगाच_एक:
एक्समॉडमॅप वापरा ना. दोन ओळी लिहिल्या की काम झालं, मी वर्षानुवर्षं तेच करतोय.

जुना_टंकलेखक:
@उगाच_एक, मीही खूप वर्षं वापरला, पण ज्याची तक्रारच 'केबल लावली की पुसलं जातं' ही आहे त्याला तो नका देऊ. एक्समॉडमॅपचे बदल नवा कीबोर्ड आला की जातात, कोणी सेटएक्सकेबीमॅप चालवलं तरी जातात, अगदी लेआउट बदलणाऱ्या एखाद्या चिमुकल्या ॲपलेटने चालवलं तरी. एक्सकेबीच्या (एक्समधला कीबोर्डचा नकाशा सांभाळणारा भाग) आधीच्या जमान्यातलं हत्यार आहे ते. एखादं बटण तात्पुरतं बदलून बघायला ठीक.

शिफ्टवाली:
मुळात कंट्रोल तिथेच होता हो! १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ए च्या डावीकडे कंट्रोलच आहे, कॅप्सलॉक खाली उजवीकडे स्पेसबारच्या बाजूला. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला तेव्हा कॅप्सलॉक तिथे येऊन बसला आणि आपण सगळे त्यालाच परंपरा समजतो. तुम्ही काही वेगळं करत नाही आहात अर्धविराम, जुनी जागा परत घेताय.

रात्रपाळी:
आणि व्हीआय या एडिटरमध्ये एस्केप इतक्या वेळा का दाबावा लागतो तेही त्याच वंशावळीत. बिल जॉयने ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिलं त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होता, करंगळीखाली. एच-जे-के-एल वर बाण छापलेले होते तेही त्याच टर्मिनलवर. म्हणून माझा कॅप्सलॉक एस्केप आहे, ऑप्शन कॅप्स:एस्केप.

वाऱ्यावरची_वरात_नको:
दोन्ही का नाही? कीडी नावाचा बटणं बदलणारा प्रोग्राम लावा. दाबून धरलं तर कंट्रोल, नुसतं टिचकी मारून सोडलं तर एस्केप. /ईटीसी/कीडी/डिफॉल्ट.कॉन्फ मध्ये आयडीज खाली तारा (*), मेन खाली कॅप्सलॉक = ओव्हरलोड(कंट्रोल, ईएससी), बास. एक्स असो, वेलंड असो, काळा कन्सोल असो, सगळीकडे सारखं चालतं, कारण ते कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) बटण घेतं आणि स्वतःचा एक आभासी कीबोर्ड बनवून त्यातून पुढे पाठवतं. आयडीज मध्ये ताऱ्याऐवजी विशिष्ट कीबोर्डचा क्रमांक लिहिला की तुमचा दुसरा प्रश्नही सुटला.

तळमजला:
कीडी चांगलंच आहे, पण दोन बटणांच्या अदलाबदलीसाठी प्रत्येक अक्षर एका जास्तीच्या प्रोग्राममधून कशाला न्यायचं? युडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणारा लिनक्सचा भाग) एचडब्ल्यूडीबी, म्हणजे उपकरणांची नोंदवही, त्याच कामासाठी आहे. तिथे बटणाचा अर्थ कर्नलमध्येच बदलतो, मागे काही चालू ठेवावं लागत नाही, आणि फक्त त्या एका कीबोर्डपुरतं होतं.

अर्धविराम, /ईटीसी/युडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी मध्ये ९०-माझा-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी अशी फाइल करा. पहिली ओळ ओळखीची, म्हणजे ईव्हीडेव्ह:इनपुट:बी०००३ आणि पुढे व्ही नंतर कंपनीचा क्रमांक, पी नंतर वस्तूचा क्रमांक, शेवटी तारा. क्रमांक एलएसयूएसबी या कमांडने दिसतात. त्याखाली दोन ओळी: कीबोर्ड_की_७००ई२=लेफ्टमेटा आणि कीबोर्ड_की_७००ई३=लेफ्टऑल्ट. हे ७००ई२ म्हणजे यूएसबीच्या भाषेत डावा ऑल्ट, ई३ म्हणजे डावं विंडोज बटण. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, आणि कीबोर्ड काढून लावा.

तिथेच कीबोर्ड_की_७००३९=लेफ्टसीटीआरएल लिहिलं तर कॅप्सलॉकचाही निकाल लागतो, पण तो तुम्हाला दोन्ही कीबोर्डवर हवाय म्हणून एक्सकेबीतच असू दे.

शब्दसखी:
मला एक शंका आहे, मूर्खासारखी वाटली तर सांभाळून घ्या. दाबलेल्या बटणाचा क्रमांक दाखवणारे दोन प्रोग्राम आहेत, मी ईव्हीटेस्टमध्ये कॅप्सलॉक दाबला तर ५८ दिसतं आणि एक्सईव्हीमध्ये ६६. बटण तर एकच आहे मग आकडे दोन का?

जुना_टंकलेखक:
शंका अजिबात मूर्खासारखी नाही ताई. एक्समध्ये ८ च्या खालचे बटणक्रमांक चालतच नाहीत, ८ ते २५५ एवढीच जागा. म्हणून कर्नलच्या क्रमांकात सरसकट ८ मिळवले जातात. ५८ अधिक ८, ६६. कुठलंही बटण घ्या, फरक आठचाच.

शब्दसखी:
वा, आज किती दिवसांचं कोडं सुटलं. लगेच दुसरा प्रश्न. मी मराठी टायपिंगसाठी सेटिंगमध्ये फक्त मराठी लेआउट ठेवला होता, इंग्रजी काढून टाकलं कारण मला बहुतेक मराठीच लिहायचं असतं. तेव्हापासून काही प्रोग्राममध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, माझा मराठी लेआउट तोच) सी वर म आहे. त्याचा काही संबंध?

रात्रपाळी:
तोच संबंध. प्रोग्रामला बटण कुठलं दाबलं यापेक्षा त्या बटणातून कुठलं अक्षर निघालं ते आधी दिसतं. तुमच्याकडे कंट्रोल-म पोचतंय. शहाणे प्रोग्राम 'या बटणावर दुसऱ्या लेआउटमध्ये रोमन अक्षर आहे का' म्हणून शोधतात, पण तुम्ही दुसरा लेआउट काढूनच टाकलाय. इंग्रजी परत घ्या आणि यादीत पहिलं ठेवा, मराठी दुसरं. बदलायला विंडोज-स्पेस, किंवा ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल.

निवांत_नाही:
आणि लॉगिनच्या पडद्याचं पण बघून घ्या. माझ्या बहिणीच्या मशीनवर मराठी पहिलं होतं, लॉगिनला पासवर्ड देवनागरीत जात होता आणि दिसत होते फक्त ठिपके. तीन तास आम्ही पासवर्ड विसरला असंच धरून बसलो होतो. लॉगिनचा पडदा तुमच्या खात्याची नाही, सिस्टमची सेटिंग वाचतो, म्हणजे वर सांगितलेलं लोकलसीटीएल. तिथे पहिलं इंग्रजीच असू द्या.

शब्दसखी:
इंग्रजी पहिलं केलं, कंट्रोल-सी चालू झालं!! खूप खूप आभार.

टंकनवेडा:
मराठीचा विषय निघालाच आहे तर, लोक इन्स्क्रिप्ट का शिकत नाहीत हे मला खरंच कळत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एक हात एक हात असं चालतं. फोनेटिकमध्ये आधी मराठी शब्द डोक्यात रोमन करायचा, मग तो यंत्राने परत मराठी करायचा. आणि इन्स्क्रिप्टला आय-बससारखी इनपुट मेथडही (टाइप केलेल्याचं दुसऱ्या लिपीत रूपांतर करणारा प्रोग्राम) लागत नाही, साधा एक्सकेबी लेआउट आहे, आय-बस बंद पडलं तरी टायपिंग चालू.

पाटीपेन्सिल:
ज्यांना रोज लिहायचंय त्यांनी शिकावंच, पण महिन्यातून दोन पत्रं लिहिणाऱ्याला तुम्ही आधी पंधरा दिवस सराव कर म्हणालात तर तो मराठीत लिहिणंच सोडेल. माझे काका एम१७एन चं आयट्रान्स (रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणारी पद्धत) वापरतात, हळू लिहितात पण मराठीत लिहितात. मधला रस्ताही आहे, एक्सकेबीतच मराठीचा कागप फोनेटिक व्हेरियंट आहे, एमएआर-कागप नावाचा. त्यालाही आय-बस लागत नाही.

टंकनवेडा:
मान्य. काकांना माझा नमस्कार, लिहिते राहोत. पण एक विचारतो, त्यांना दऱ्या लिहिता येतं का, दर्या न होता?

पाटीपेन्सिल:
:) बघून सांगतो.

शिफ्टवाली:
हे मात्र सगळ्यांनी एकदा करून बघा. र, हलंत, य असं टाइप केलं की र्य होतो, म्हणून समुद्र लिहायचा तर दर्या बरोबर. डोंगरातल्या दऱ्या हव्या असतील तर साधा र चालत नाही, नुक्तावाला ऱ लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये जे वर र आहे, शिफ्ट-जे वर ऱ. मग डी वरचा हलंत, मग य. वाऱ्यावर, दुसऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, सगळे असेच. शुद्धलेखन येणारी माणसंसुद्धा 'दुसर्या' लिहितात, त्याचं कारण बहुतेक वेळा अज्ञान नसतं, त्यांना ते बटण कोणी दाखवलेलंच नसतं.

शब्दसखी:
शिफ्ट-जे!!! मी इतकी वर्षं कुठून तरी कॉपी करून आणत होते.

उगाच_एक:
टर्मिनलमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, तो पण कीबोर्डचाच प्रॉब्लेम का?

तळमजला:
नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट देतं, जोडाक्षर त्यात बसत नाही. अक्षरं आत बरोबरच गेलेली असतात, तीच फाइल एडिटरमध्ये उघडून बघा.

अर्धविराम:
मंडळी, मूळ प्रश्नाकडे येतो. पहिली अडचण सुटली, जुना_टंकलेखक यांची फाइल केली, दहा वेळा केबल काढून लावली, कॅप्सलॉक कंट्रोलच राहिला. मनापासून धन्यवाद.

दुसऱ्यासाठी मी तळमजला यांचा रस्ता घेतला कारण पुढेमागे वेलंडवर जायचं आहे आणि एक्सची फाइल तिथे निरुपयोगी होईल. पण काहीच फरक पडत नाहीये. फाइल केली, अपडेट चालवलं, काढून लावलं. बटणं जशीच्या तशी.

तळमजला:
ओळखीच्या ओळीत क्रमांक लहान अक्षरांत लिहिलेत का? एलएसयूएसबी लहान अक्षरांत दाखवतं, पण इथे कंपनी आणि वस्तूचे क्रमांक मोठ्या अक्षरांतच लागतात, चारही अंक. आणि खालच्या दोन ओळींच्या सुरुवातीला एक मोकळी जागा हवी, पहिल्या ओळीच्या आधी नको. क्रमांक लहान अक्षरांत असले तर ते तक्रारही करत नाही, गप्प बसतं.

अर्धविराम:
दोन्ही चुकलं होतं! दुरुस्त केलं, परत लॉगिनही केलं. पण तरीही बटणं उलटी ती उलटीच. आता मला माझ्याच बोटांवर शंका यायला लागलीय.

तळमजला:
बोटं ठीक आहेत. ज्या बटणावर ऑल्ट छापलंय ते एकदा ईव्हीटेस्टमध्ये दाबा, एकदा एक्सईव्हीमध्ये, आणि काय दिसतं ते इथे लिहा.

अर्धविराम:
ईव्हीटेस्ट: एमएससी_स्कॅन ७००ई२, कोड १२५, की_लेफ्टमेटा.
एक्सईव्ही: कीकोड १३३, ऑल्ट_एल.

तळमजला:
सापडलं. ओळीने वाचा. कीबोर्ड म्हणाला ७००ई२, म्हणजे मी ऑल्ट. एचडब्ल्यूडीबीने त्याचं मेटा (विंडोज बटणाचं कर्नलमधलं नाव) केलं, १२५, तुमची फाइल उत्तम चाललीय. एक्सला १२५ अधिक ८, १३३ मिळालं, ते विंडोजचंच बटण, तिथून सुपर (विंडोज बटणाचं एक्समधलं नाव) निघायला हवं होतं. निघालं ऑल्ट. म्हणजे वरच्या मजल्यावर कोणीतरी परत उलटं करतंय. तुमच्या लॉगिनच्या फाइलीत ऑल्टविन:स्वॅप_ऑल्ट_विन अजून आहे का?

अर्धविराम:
आहे!!! पहिल्या दिवशी टाकलेली ओळ तशीच होती. दोनदा अदलाबदल, म्हणून जागच्या जागी. काढली, आणि एक रिकामा ऑप्शन देऊन सेटएक्सकेबीमॅप चालवलं कारण ऑप्शन एकावर एक साठत जातात असं आता कळलं. मग परत सीटीआरएल:नोकॅप्स. बाहेरचा सरळ, लॅपटॉपचाही सरळ. दोन्ही कीबोर्डवर एकाच वेळी हात ठेवून खात्री केली.

जुना_टंकलेखक:
छान शोधलंत तळमजला. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत चार-पाच हात लागतात: कीबोर्डच्या पोटातली चिप, कर्नल आणि युडेव्ह, मग लिबइनपुट (कीबोर्ड-टचपॅडकडून आलेलं पुढे पोचवणारा भाग), मग एक्सकेबी, आणि शेवटी आय-बस किंवा एफसीआयटीएक्स असेल तर ते. ईव्हीटेस्ट कर्नलपर्यंतचं दाखवतं, एक्सईव्ही (वेलंडवर डब्ल्यूईव्ही) एक्सकेबी नंतरचं. बटण ईव्हीटेस्टमध्येच चुकीचं दिसत असेल तर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधून उपयोग नाही, आणि तिथे बरोबर दिसत असेल तर कीबोर्ड बदलून उपयोग नाही. बरेच लोक यात नवा कीबोर्ड घेऊन येतात.

निवांत_नाही:
माझं एफएन बटण ईव्हीटेस्टमध्ये दिसतच नाही.

तळमजला:
बऱ्याच कीबोर्डवर ते चिपच्या आतच संपतं, बाहेर येतच नाही. मग लिनक्स काही करू शकत नाही. फक्त एफ१ ते एफ१२ दाबल्यावर आवाज-उजेड बदलत असतील आणि कीबोर्ड स्वतःची ओळख ॲपलचा म्हणून देत असेल (काही मेकॅनिकल कीबोर्ड देतात), तर एचआयडी_ॲपल या कर्नल मॉड्यूलला एफएनमोड=२ हा ऑप्शन द्या. एफ बटणं पहिली होतात.

वाऱ्यावरची_वरात_नको:
मी वर कीडी सुचवलं होतं, प्रामाणिकपणे त्याची दुसरी बाजूही सांगतो, कारण मी स्वतः त्यात अडकलो होतो. पहिल्याच दिवशी कॉन्फिगमध्ये असं काही लिहिलं की एंटर सोडून काहीच उमटेना. दुसरा कीबोर्ड जवळ नव्हता. मग त्याच्या माहितीपत्रात सापडलं, बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबले की कीडी स्वतःला बंद करतं. हे तीन आधी पाठ करा आणि मगच कीडी लावा.

दुसरी गोष्ट कळायला मला महिना लागला. कीडी लावल्यापासून टाइप करताना तळहात टचपॅडला लागून कर्सर भलत्याच ओळीत जायचा. आधी कधी होत नव्हतं. टचपॅड बिघडला असंच वाटलं. कारण असं, टाइप करताना टचपॅड गप्प ठेवायचं काम लिबइनपुट करतं, पण ते लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डपुरतंच. कीडीचा आभासी कीबोर्ड त्याला बाहेरचा वाटतो, मग ते म्हणतं बाहेरच्या कीबोर्डवर टाइप करणाऱ्याचा तळहात टचपॅडवर कशाला असेल. उपाय: /ईटीसी/लिबइनपुट मध्ये लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स ही फाइल, त्यात मॅचनेम=कीडी व्हर्च्युअल कीबोर्ड आणि ॲट्रकीबोर्डइंटिग्रेशन=इंटर्नल. लॉगआउट करून परत आलो आणि कर्सर जागेवर.

रात्रपाळी:
हे सोनं आहे. माझ्या एका सहकाऱ्याचा अगदी हाच त्रास आहे, आजच पाठवतो त्याला.

सावकाश:
मी फारसं लिहीत नाही इथे, पण कीबोर्डचा धागा आहे म्हणून. बाबांचे हात थरथरतात. एक बटण दाबलं की तीन तीन अक्षरं यायची, त्यांनी कॉम्प्युटर जवळजवळ सोडला होता, 'आता हे आपल्याच्यानं व्हायचं नाही' म्हणाले. मग ॲक्सेसिबिलिटीत बाउन्स कीज सापडलं. तेच बटण ठरावीक वेळाच्या आत परत दाबलं गेलं तर ते मोजलंच जात नाही. वेळ थोडा थोडा वाढवत त्यांच्या हाताला जुळवला. शिवाय रिपीटचा उशीर वाढवला, म्हणजे बोट बटणावर रेंगाळलं तरी अक्षरांची रांग लागत नाही. आणि स्टिकी कीज, शिफ्ट आधी दाबून सोडायचं, मग अक्षर. बाबा आता रोज सकाळी स्वतःच्या आठवणी लिहितात. काल ळ कुठे आहे म्हणून विचारत होते.

शिफ्टवाली:
सावकाश, वाचून फार बरं वाटलं. त्यांना सांगा, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-एन. ल च्याच बटणावर वरच्या मजल्याला.

निवांत_नाही:
बाबांना नमस्कार. यावरून आठवलं, मध्ये एकदा माझा कीबोर्ड पूर्ण मेला होता, बटणं दाबतोय आणि काही उमटत नाही, जोरात धरून ठेवलं तर मग एक अक्षर. विचार करता करता शिफ्टवर बोट ठेवून बसलो होतो. नंतर कळलं, शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की स्लो कीज चालू होऊ शकतं, आणि पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज. परत आठ सेकंद धरलं, कीबोर्ड जिवंत.

उगाच_एक:
ज्याला कोणाला वाटतं की शिफ्ट धरून विचार करायची सवय फक्त आपल्यालाच आहे त्यांनी हात वर करा. (दुसऱ्या हाताने.)

अर्धविराम:
सगळ्यांना पुन्हा त्रास देतो. दोन दिवस सगळं मस्त चाललं. आज कीबोर्ड केबलऐवजी ब्लूटूथवर जोडला तर ऑल्ट-विंडोज परत उलटे. यावेळी इथे विचारायच्या आधी ईव्हीटेस्ट उघडलं. कोड ५६, लेफ्टऑल्ट. म्हणजे कर्नलमध्येच बदल झालेला नाही, एचडब्ल्यूडीबी लागतच नाहीये. बरोबर ना?

तळमजला:
अगदी बरोबर. आता तुमच्या ओळखीच्या ओळीतला बी०००३ बघा. बी म्हणजे बस, ०००३ म्हणजे यूएसबी. ब्लूटूथ ०००५ आहे. कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांकही ब्लूटूथवर वेगळा असू शकतो, /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस मध्ये तो कीबोर्ड शोधा, बस, व्हेंडर, प्रॉडक्ट तिन्ही तिथेच सापडतील. त्याच फाइलीत पहिल्या ओळीखाली दुसरी ओळखीची ओळ लिहा, खालच्या दोन ओळी दोघींना मिळून एकदाच पुरतात.

अर्धविराम:
झालं. प्रॉडक्ट क्रमांक खरंच वेगळा होता. मोठ्या अक्षरांत लिहिला :) केबल आणि ब्लूटूथ, दोन्हीकडे सरळ.

पाटीपेन्सिल:
टंकनवेडा, काकांना विचारलं. दऱ्या लिहिता येत नव्हतं, इतके दिवस 'डोंगरातल्या खोल जागा' असं लिहून वेळ मारून नेत होते. शिफ्ट-जे सांगितल्यावर म्हणाले, इन्स्क्रिप्टचा तक्ता पाठव.

टंकनवेडा:
आज रात्रीच तयार करून देतो, मोठ्या अक्षरांत, ऱ ठळक करून.